एडिटरशी जुळणारं व्हर्जन कंट्रोल कसं निवडावं

व्हर्जन कंट्रोल म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सिस्टिम. इथे निवड दोन गोष्टींची असते. कोडचा इतिहास कोण सांभाळणार, हे पहिलं. तो इतिहास तुमच्या एडिटरमध्ये कसा दिसणार, हे दुसरं. वाद पहिल्यावर रंगतात, पण रोजचा वेळ वाचतो की वाया जातो हे दुसऱ्यावर ठरतं.

आधी सिस्टिम ठरवा. नवीन प्रोजेक्ट असेल तर गिट घ्या. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं आणि आज जवळपास प्रत्येक एडिटर त्याला धरूनच बनवलेला असतो. मर्क्युरियलही त्याच वर्षीचं आणि शिकायला सोपं, पण कोड ऑनलाइन ठेवणाऱ्या बिटबकेटने २०२० मध्ये त्याचा सपोर्ट बंद केला. त्यामुळे कोड ठेवायच्या जागा कमी उरल्या आहेत. गेम किंवा डिझाइनच्या कामात मोठ्या बायनरी फायली असतात आणि दोघांनी एकाच वेळी बदललेलं चित्र मर्ज, म्हणजे एकत्र, करता येत नाही. तिथे फाइल लॉक करू देणारं परफोर्स किंवा सबव्हर्जन बरं पडतं. गिटवरच राहायचं असेल तर लक्षात ठेवा, कोड ऑनलाइन ठेवणारं गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल साध्या पुशने (अपलोडने) घेत नाही, त्यासाठी गिट एलएफएस ही मोठ्या फायलींसाठीची जोड लागते. ऑफिसमध्ये आधीपासून काही वापरात असेल तर हा प्रश्न मिटलाच.

मग एडिटरमध्ये काय आयतं आहे ते पाहा. व्हीएस कोडमध्ये गिटचं पॅनेल तयार असतं, मात्र गिट स्वतः वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. नवशिके नेमके इथेच अडतात. एक्लिप्स एडिटरच्या ईगिट या प्लगइनला तीही गरज नाही, कारण त्यामागचं जेगिट पूर्ण जावामध्ये लिहिलेलं आहे. इंटेलिजे गिटबरोबर सबव्हर्जन, मर्क्युरियल आणि परफोर्सशीही जुळतं, म्हणून जुना आणि नवा कोड एकत्र सांभाळणाऱ्यांना मी तेच सुचवेन. ईमॅक्सवाल्यांसाठी मॅगिट हे गिटचं प्लगइन आहे, विमवाल्यांसाठी फ्युजिटिव्ह.

आता खरी परीक्षा: मुद्दाम कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीतल्या दोन बदलांची टक्कर, घडवा. कमिटचं, म्हणजे बदल इतिहासात नोंदवायचं, बटण सगळीकडे असतं, त्यावरून काहीच कळत नाही. एक रिकामा रेपो (गिट इतिहास ठेवतं ते फोल्डर) बनवा. त्यात एक फाइल ठेवा, फाइलमध्ये एकच ओळ: दर = १८. कमिट करा. नवी ब्रँच (कोडची समांतर शाखा) काढून तिथे १८ चे १२ करा आणि कमिट करा. मूळ ब्रँचवर परत येऊन त्याच ओळीत ५ लिहा, पुन्हा कमिट करा, आणि ती नवी ब्रँच मर्ज करा.

गिट थांबेल. आता एडिटर काय दाखवतो ते नीट बघा. व्हीएस कोड त्या ओळीवरच पर्याय देतो: आपला बदल ठेवा, येणारा घ्या की दोन्ही. इंटेलिजे तीन रकाने उघडतो. डावीकडे आपलं, उजवीकडे समोरचं आणि मधे अंतिम निकाल, जो हाताने दुरुस्त करता येतो. कुठला बदल कुठून आला हे तुम्हाला चटकन कळलं, तर ते टूल तुमचं. नुसत्या बाणांसारख्या खुणांनी भरलेली फाइल समोर टाकली असेल, तर पुढे जा.

त्याच रेपोत आणखी एक बघून घ्या. एका फाइलमध्ये दोन ठिकाणी बदल करून त्यातला एकच कमिट करता येतो का? बग दुरुस्त करताना शेजारचं नावही बदललं जातंच, आणि ते दोन बदल वेगळे ठेवता आले की महिन्याभराने इतिहास वाचताना फार सोपं जातं. एखाद्या ओळीवर कर्सर ठेवून ती कोणी आणि कधी लिहिली, हेही दिसायला हवं. व्हीएस कोडमध्ये त्यासाठी अनेक जण गिटलेन्स हे एक्स्टेन्शन टाकतात.

ज्युपिटर नोटबुकवर (कोड छोट्या सेलमध्ये लिहून तिथेच चालवता येतो अशी फाइल) काम असेल तर साधा डिफ, म्हणजे ओळींनुसार दाखवलेला फरक, पुरत नाही, कारण आउटपुटही त्याच फाइलमध्ये साठतं. कोड न बदलता नोटबुक पुन्हा चालवलं तरी फाइल बदललेली दिसते. तिथे सेलनुसार फरक दाखवणारं एनबीडाइम हे टूल घ्या.

शेवटी टर्मिनल उघडा आणि त्याच फोल्डरमध्ये 'गिट स्टेटस' चालवा. पॅनेलमध्ये दिसतं तेच इथेही दिसायला हवं. रेपो साध्या फोल्डरमध्ये असल्याने टीममधल्या प्रत्येकाने एकच एडिटर वापरायची सक्ती करू नका.