गिअर उशिरा पडतोय? गिअरबॉक्स खोलण्याआधी हे पाहा

जुन्या ऑटोमॅटिक पिकअपचा गिअर उशिरा किंवा झटक्याने पडू लागला, तरी दोष बऱ्याचदा बाहेरच असतो.

१. गाडी चालवून गरम करा, सपाट जागी हँडब्रेक ओढून उभी करा. ब्रेक दाबून लीव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा, पार्कमध्ये आणा (काही गाड्यांत न्यूट्रल; मॅन्युअल पाहा). इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी; इंजिनची वेगळी असते) ऑइलची पातळी बघा.

२. ऑइलचा थेंब पांढऱ्या कपड्यावर टिपा. स्वच्छ लाल असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट बहुधा झिजल्यात. दुधाळ गुलाबी म्हणजे रेडिएटरमधलं कूलंट आत शिरलंय. गाडी तिथेच थांबवा.

३. व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या व्हॅक्यूमवरून गिअर कधी नि किती जोरात पडायचा हे ठरवणारा, गिअरबॉक्सवर बाहेरून बसवलेला भाग) असल्यास त्याची रबरी नळी काढा. आत ऑइल दिसलं की मॉड्युलेटरमधला डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटला समजा. मॉड्युलेटर बदला, गिअरबॉक्सला हात लावू नका. नळी टोकाशी चिरली असली तरी गिअर असेच उशिरा नि कडक पडतात, आणि ही चीर नळी वाकवून पाहिल्याशिवाय बऱ्याचदा दिसत नाही.

जपून: थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल (इंजिनच्या थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी, ऑइलचा दाब ठरवणारी) असलेल्या गाडीत ती निसटली असेल तर गाडी अजिबात चालवू नका. ऑइलचा दाब कमी पडतो आणि चांगले क्लचही जळतात.