टाळी वाजवा आणि भिंत मोजा

रत्नागिरीत मी बरीच वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवलं. प्रतिध्वनीच्या धड्याला मुलं वर्गात पेंगायची, म्हणून त्यांना प्रतिध्वनीवरून भिंतीचं अंतर मोजायला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, न्यायला लागले. तिथे एका गोदामाची उंच, गिलावा केलेली भिंत आहे आणि समोर मोकळं रान. पहिल्या वर्षी शाळेच्या आवारातच केलं होतं. आंब्याच्या झाडांनी आवाजाचा पार भुगा केला, शिवाय शेजारच्या वर्गावरचे गुरुजी खिडकीत येऊन उभे राहिले ते वेगळंच.

तर जागा अशी निवडा: एकच मोठी भिंत, मागे-बाजूला दुसरी नको, झाडं नकोत, सकाळची वेळ आणि वारा पडलेला. भिंतीपासून साधारण ऐंशी पावलं लांब जा. १७ मीटरच्या आत उभं राहिलात तर मूळ आवाज आणि प्रतिध्वनी कानात एक होतात.

आता आवाज. माथेरानच्या एको पॉइंटवर जो तो आपलं नाव ओरडतो. गंमत म्हणून ठीक, मोजायला निरुपयोगी. नाव उच्चारायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात आवाजाचं टोक जाऊन-येऊन मिळून साडेतीनशे मीटर कापतं. तुमचं ओरडणं संपायच्या आतच भिंतीचं उत्तर येतं आणि त्यातच बुडतं. आवाज तुटक हवा. टाळी चालते, पण आमच्याकडे लाकडी पाठीची दोन जुनी डस्टर होती. ती एकमेकांवर आपटली की खट्ट असा सुरेख आवाज यायचा. (खडूची पूड आधी झटकून घ्या.)

एका टाळीचा प्रतिध्वनी घड्याळाने पकडायला जाऊ नका. हात तेवढा चपळ नसतो. ताल धरा: खट्ट, प्रतिध्वनी, खट्ट, प्रतिध्वनी, सगळं सारख्या अंतरावर, लंबकाच्या टिकटिकीसारखं. ताल बसायला दोन-तीन मिनिटं लागतात. वर्गात एखादा तबला शिकणारा असेल तर डस्टर त्याच्या हातात द्या. ताल बसला की दुसऱ्याने घड्याळ सुरू करायचं आणि त्या ठोक्याला ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हणालात की पुढचं सगळं चुकलं, कारण आपण ठोके मोजत नाही, मधली अंतरं मोजतो. ‘वीस’ला घड्याळ थांबवा.

आमचा एक हिशेब देते. वीस अंतरांना १४ सेकंद, म्हणजे एकाला ०.७. प्रतिध्वनी बरोबर मध्ये पडतो, म्हणून त्याला लागले ०.३५ सेकंद. हवेतला वेग काढायला तापमानाला ०.६ ने गुणून ३३१ मिळवा. त्या दिवशी २७ अंश होते, म्हणजे सेकंदाला ३४७ मीटर. गुणाकार १२१. आवाज गेला आणि परत आला, म्हणून निम्मे करा: साधारण साडेसाठ मीटर. टेपने साठ भरले. हे ‘निम्मे करा’ दरवर्षी अर्धा वर्ग विसरायचा आणि गोदाम पार पुढच्या वाडीत जाऊन बसायचं.

किडे खाणारी छोटी वाघळं हेच काम उडता उडता करतात. त्यांची हाक सेकंदाच्या काही हजारांश भागाइतकीच असते. भक्ष्य जवळ आलं की ती आणखी आखूड होते आणि सेकंदाला दीडशेच्या वर हाका जातात. आपल्या कानाची मजल २०,००० हर्ट्झपर्यंत, त्यांच्या हाका बहुतेक त्याच्याही वर. ५०,००० हर्ट्झची एक लाट जेमतेम ७ मिलिमीटरची, म्हणून डासाएवढी वस्तूही तिला सापडते. आपल्या खट्टला भिंतच लागते. वडावर लोंबकळणारी मोठी वटवाघळं मात्र यातली नव्हेत, ती डोळ्यांनी आणि नाकाने फळं शोधतात. हे सांगितलं की मुलांची थोडी निराशा व्हायची.

सड्यावर डस्टर वाजवणारा माझा एक विद्यार्थी आता मिरकरवाड्यात ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे. त्याच्याकडे फिश फाइंडर आहे, पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासे आणि तळ दाखवणारं यंत्र. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, त्यामुळे तळावरून ०.०४ सेकंदांत उत्तर आलं तर खोली ३० मीटर. पडदा दाखवताना त्याने मला हळूच विचारलं, “बाई, हे निम्मे करूनच दाखवतं ना?”

करूनच दाखवतं, म्हटलं.