रॅम्प बांधला म्हणजे झालं? देवळांच्या आणि चर्चच्या समित्यांनो, या चुका टाळा

फेस्त (चर्चचा वार्षिक सण) किंवा जत्रा तोंडावर आली की हमखास फोन येतो, "यंदा दिव्यांगांसाठी काहीतरी करूया म्हणतो." चार दिवसांत मंडप उभा राहतो, रॅम्प नाही. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हापासून जांभळ्या फुग्यांची हौस वाढली आहे. फुगे लावा, माझी हरकत नाही. पण त्याआधी हे वाचा.

उरलेल्या जागेत रॅम्प बसवणे

हिशेब सोपा आहे. एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. हे ऐकलं की कंत्राटदार हसतो आणि पाच फुटांत उरकतो.

गोव्यात बार्देश तालुक्यातल्या एका चर्चमध्ये असाच पाच फुटी उतार झाला. वर चकचकीत टाइल्स, कारण "दिसायला बऱ्या". ऑगस्टचं फेस्त, बाहेर पाऊस. एक निवृत्त शिक्षिका व्हीलचेअरवरून आल्या, भाचा मागून ढकलत होता. अर्ध्यावर पुढची चाकं उचलली गेली आणि खुर्ची मागे कलली. कोयरमधली (चर्चच्या गायकवृंदातली) दोन पोरं धावली म्हणून निभावलं. वर पोचल्यावर दारात चार इंचांचा उंबरठा! तो कोणी मोजलाच नव्हता. बाई म्हणाल्या, "राहू दे बाबा, मी पोर्चमध्येच बसते. ऐकू येतं इथून." समितीने यातून काय धडा घेतला? बाई फार समजूतदार आहेत! आज त्या रॅम्पवरून स्कूटर चढवतात.

माझी पद्धत अशी: रिकामी खुर्ची चढवून दाखवली तर मी बघतसुद्धा नाही. खजिनदाराला बसवायचं, वर न्यायचं आणि खाली आणायचं. खाली येताना चेहरा बदलतो आणि बजेट तिथल्या तिथे मंजूर होतं. टाइल्स नकोत. ओल्या सिमेंटवर झाडूने आडव्या रेघा ओढा, दोन्ही बाजूंना कठडा लावा आणि जूनपासून शेवाळ घासत राहा. दारापुढे खुर्ची वळेल एवढी सपाट जागा ठेवा. मंडपाचा खांब नेमका रॅम्पच्या तोंडाशी येतो, तो आधीच हलवायला सांगा.

वास्तू जुनी असेल तर तोडफोड नको, हे मान्य. पणजीच्या चर्चच्या त्या नागमोडी पायऱ्यांवर रॅम्प घाला असं मीही म्हणणार नाही. पण बाजूचं दार बहुतेक ठिकाणी असतं, आणि ते "फक्त फादरांसाठी" किंवा "फक्त भटजींसाठी" असायचं काही कारण नाही.

सोबतच्या माणसाशी बोलणे

"यांना प्रसाद चालतो का?" चाळिशीचा, बँकेत नोकरी करणारा अंध गृहस्थ समोर उभा, आणि प्रश्न त्याच्या बायकोला! ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता चारचौघांत टोकतो. त्यांनाच विचारा. दंड धरून ढकलू नका, आपलं कोपर पुढे करा, ते धरतील.

याचीच थोरली बहीण म्हणजे न मागता केलेली दया. देवळात "मागच्या जन्मीचे भोग", चर्चमध्ये डोक्यावर हात ठेवून बरं होण्याची प्रार्थना. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य हेच विचारतात की हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे? याच्या की आईबापांच्या? येशू म्हणतो, दोघांच्याही नाही. प्रवचनात ऐकलेला उतारा दाराबाहेर विसरायचा असतो का?

बाकीच्या, थोडक्यात

दिव्यांग म्हणजे व्हीलचेअर हे समीकरण सोडा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांतले कित्येक बघून कळतही नाहीत.

सांकेतिक भाषेचा दुभाषी खांबाआड किंवा फुलदाणीमागे नको. तोंडावर उजेड हवा, आणि प्रवचनाचा मजकूर त्याला आदल्या दिवशी द्या.

सगळ्या व्हीलचेअर एका कोपऱ्यात लावू नका. मधलं एखादं बाक तोकडं करा, म्हणजे माणूस घरच्यांच्या शेजारी बसेल.

मूल मिसमध्ये (चर्चच्या प्रार्थनाविधीत) ओरडलं तर माना वळवू नका. फटाके आणि बँड कधी वाजणार हे त्याच्या आईला आधी सांगा.

दिव्यांगांच्या शौचालयात खुर्च्या आणि झाडू ठेवू नका. आणि किल्ली कोणाकडे आहे ते दारावर लिहा.

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, दिव्यांगांना शाल-श्रीफळ द्यायचं, पण स्टेजला रॅम्प नाही म्हणून सत्कार खालीच उरकायचा, हा प्रकार कृपा करून बंद करा. त्यापेक्षा त्यांना समितीत घ्या, हिशेब सोपवा, रविवारच्या मिसमधलं बायबलचं पहिलं वाचन द्या. माईक बसलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत खाली येतो का, तेवढं शनिवारीच बघून ठेवा.