सोलमध्ये कोळशाच्या ग्रिलवर जेवायला जाताय? मग हे बघून जा

दक्षिण कोरियाची राजधानी सोलच्या मापो भागात निखाऱ्यावर मांस भाजून खायची साधी हॉटेलं बरीच आहेत, पण शक्यतो एकटे जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला कमीत कमी दोन पोर्शन घ्यावेच लागतात, एक म्हणजे साधारण 150 ते 200 ग्रॅम, म्हणजे एकट्याला जड. चमचे-चॉपस्टिक बहुतेक वेळा टेबलाच्या कडेच्या ड्रॉवरमध्ये असतात, मी पहिल्यांदा दहा मिनिटं येड्यासारखा वाट बघत बसलेलो. आणि त्या गोल स्टूलची सीट उचलून बघा, आत पोकळ असेल तर जॅकेट तिथं टाका, नाहीतर दोन दिवस धुराचा वास जात नाही.

आता मेन गोष्ट. सामग्योपसाल म्हणजे डुकराच्या पोटाचे चरबीवाले पट्टे, चरबी निखाऱ्यावर टपकली की भक्कन जाळ होतो, तेव्हा फुंकर मारू नका हां, राख उडते, फक्त तुकडे कडेला सरकवा. सारखं उलटसुलट पण करू नका, खालची बाजू सोनेरी झाली की उलटा, मग कात्रीने कापा (हो, कात्रीच असते). लेट्यूसच्या पानात एक तुकडा, भाजलेला लसूण, थोडं साम्जांग (सोयाबीन-मिरचीची घट्ट पेस्ट), गुंडाळून अख्खा घास तोंडात, अर्धा चावलात तर सगळं मांडीवर.

सोबतच्या बांचानच्या (म्हणजे तोंडी लावायच्या छोट्या पदार्थांच्या) वाट्या फुकट भरून मिळतात, लाजू नका. पण शाकाहारी मंडळी, किमचीत (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं) बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस असतो. टिप द्यायची नसते, पैसे उठताना काउंटरवर.