देवस्थानाच्या शेतीचा मक्ता: अथेन्सची हिशेबपद्धत गावात लावायची कशी

देवस्थानाची चार-पाच एकर शेती पाडव्याला मक्त्यानं जाते आणि पुढच्या पाडव्याला हिशेबावरून पारावर तोंडातोंडी होते. बोली बोलवणारा, पैसे घेणारा आणि वही लिहिणारा एकच माणूस असला की हे व्हायचंच. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सनं ही कामं वेगवेगळ्या हातांत दिली होती.

ठेके देणारे ‘पोलेताई’ दहा. दहा जमातींतून चिठ्ठी टाकून एकेक निवडायचे, आणि व्यवहार ५०० जणांच्या परिषदेसमोर. देवळांच्या जमिनी दहा वर्षांच्या मुदतीनं जायच्या. आपल्याकडे तीन वर्षं पुरे; वर्षाच्या मक्त्यावर कुणी शेणखत टाकत नाही. नोंदणीकृत न्यासाला दहा वर्षांवरच्या मुदतीसाठी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. बोली सगळ्यांसमोर, ठराव त्याच बैठकीत.

वसुलीत खरी मेख आहे. अथेन्सात हप्त्यांच्या पांढऱ्या पाट्या मुदतीप्रमाणे वेगळ्या असत. त्या दिवशी जो हप्ता असेल तेवढ्याच पाट्या काढून ‘अपोदेक्ताई’ म्हणजे वसुली घेणाऱ्यांकडे द्यायच्या. बाकीच्या अलग, आधीच पुसल्या जाऊ नयेत म्हणून. पैसे आले की नोंद पुसली. राहिली ती थकबाकी, आणि ती दुप्पट भरावी लागे.

गावात पुसू नका. वहीत दर हप्त्याला स्वतंत्र पान ठेवा. समजा मक्ता ४०,००० रुपये: १५,००० पाडव्याला, २५,००० कापूस-तूर विकल्यावर. दुसऱ्या हप्त्याला ‘सध्या पाच हजार घ्या, बाकीचे पाहू’ म्हणून कुणी आला तर पाच हजारांचीच पावती फाडा आणि पानावर २०,००० बाकी लिहा. पूर्ण पान कापून टाकलं की ते वीस हजार गेले समजा. दुप्पट दंड लावला तर बोलीलाच कुणी येणार नाही; त्यापेक्षा आधी अनामत घ्या.

तपासणीला समितीबाहेरचे दोघं, ग्रामसभेत चिठ्ठी टाकून. अथेन्सात परिषदेचे दहा हिशेबनीस वर्षातून दहादा वह्या पाहत. अधिकाऱ्याची मुदत संपली की दुसरे दहा हिशेबनीस आणि ५०१ जणांचं न्यायालय. अपहार सिद्ध झाला तर दहापट वसुली. न्यायालयात हिशेब झाल्यावर तीन दिवस कुणीही तक्रार द्यावी, पण स्वतःचं नाव, अधिकाऱ्याचं नाव, गुन्हा आणि मागितलेला दंड पाटीवर लिहून. हिशेबाची प्रत तीन दिवस देवळात लावा, हरकत नावानिशी घ्या. पानठेल्यावरची कुजबुज हरकत नव्हे.

अथेना देवीचे खजिनदारही मूर्ती, दागिने, रोकड परिषदेसमोरच ताब्यात घेत. नव्या कोषाध्यक्षानं मुकुट तोलून, समया-घंगाळं मोजून, यादीशी ताळा घालावा, सही त्यानंतर.