घरगुती आरओ यंत्राच्या आयएसआय परवान्याचे अर्ज शुल्क कसे भरावे

पुणे परिसरातील भोसरी किंवा नऱ्ह्याच्या एखाद्या गाळ्यात घरगुती आरओ जलशुद्धीकरण यंत्रे तयार करणाऱ्या लघुउद्योजकाला त्यांवर आयएसआय चिन्ह लावायचे असेल, तर त्याने भारतीय मानक ब्यूरोचा परवाना घ्यावा लागतो. अर्ज आणि शुल्क दोन्ही ब्यूरोच्या मानक ऑनलाइन या पोर्टलवर भरता येतात. प्रत्यक्ष शुल्क भरायला काही मिनिटेच लागतात. खरा वेळ त्याआधीच्या पडताळणीला द्यावा, कारण एकदा भरलेले अर्ज शुल्क परत मिळत नाही.

परवाना एका कारखान्यासाठी आणि एका मानकासाठी असतो. आरओ यंत्रांचे मानक आयएस १६२४० आहे, तर केवळ अतिनील किरणांवर चालणाऱ्या यंत्रांसाठी आयएस १४७२४ हे वेगळे मानक आहे. त्यामुळे मानकाचा क्रमांक चुकला तर अर्जही चुकीच्या उत्पादनाचा ठरतो. कार्यालय सदाशिव पेठेत आणि उत्पादन भोसरीत असेल, तर कारखान्याचा पत्ता म्हणून भोसरीचाच पत्ता द्यावा आणि तो भाडेकरार, वीजबिल व इतर कागदपत्रांशी अक्षरशः जुळतो का, हे पाहावे. दोन ठिकाणी उत्पादन होत असल्यास दोन अर्ज करावे लागतात आणि शुल्कही दोनदा भरावे लागते.

ब्यूरोच्या २०१८ च्या विनियमांनुसार अर्ज शुल्क १,००० रुपये आहे आणि त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा लागतो. मात्र एवढ्यावर खर्च संपत नाही. कारखान्याच्या तपासणीचे शुल्क, प्रयोगशाळेचे चाचणी शुल्क, वार्षिक परवाना शुल्क आणि किमान चिन्हांकन शुल्क (चिन्ह वापरल्याबद्दलचे किमान शुल्क) हे सारे वेगळे असते आणि वेगवेगळ्या टप्प्यांवर भरावे लागते, म्हणून त्याची तरतूद आधीच करून ठेवावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना किमान चिन्हांकन शुल्कात सवलत मिळते. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करून घ्यावी. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेचे नाव, जीएसटी क्रमांक आणि ईमेल पुन्हा एकदा वाचून पाहावे. शुल्क शक्यतो संस्थेच्याच खात्यातून भरावे. सल्लागाराची मदत घेण्यात गैर काही नाही, परंतु पोर्टलचे लॉगिन आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक स्वतःकडेच ठेवावा, तसेच सल्लागाराचे मानधन आणि सरकारी शुल्क यांच्या पावत्या स्वतंत्र घ्याव्यात. एकत्रित रक्कम सांगून सरकारी पावती न देणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत, असे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते. लहान उद्योजकाचे नुकसान अशा व्यवहारांतच अधिक होते.

रक्कम खात्यातून वजा झाली आणि पावती मात्र निघाली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. बँकेचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवावा, पोर्टलवर अर्जाची स्थिती तपासावी आणि त्यानंतरच पुढचे ठरवावे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डाने केलेल्या अशा फसलेल्या व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत परत जमा व्हायला हवी. त्यापुढील विलंबासाठी बँकेने दररोज १०० रुपये भरपाई द्यावयाची असते. व्यवहार क्रमांक हाती असेल, तर बँकेकडे आणि ब्यूरोकडे दाद मागणे सोपे जाते.

शुल्काची पावती म्हणजे परवाना नव्हे, हे मात्र नीट लक्षात ठेवावे. कागदपत्रांची छाननी, कारखान्याची तपासणी आणि नमुन्याची चाचणी झाल्यावरच परवाना दिला जातो, आणि तोपर्यंत यंत्रावर, खोक्यावर किंवा जाहिरातीत आयएसआय चिन्ह वापरणे कायद्याने निषिद्ध आहे. परवाना मिळाल्यावर चिन्हासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापावा लागतो, आणि कोणताही ग्राहक तो ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर पडताळून पाहू शकतो.