‘द कॅचर इन द राय’वर लिहिताना या चुका टाळा

इंग्रजी साहित्याचे निबंध तपासताना जे. डी. सॅलिंजरची ही १९५१ची कादंबरी समोर आली की पहिलं वाक्य मला बहुधा आधीच ठाऊक असतं: ‘होल्डन कॉलफील्ड हा समाजाविरुद्ध बंड करणारा तरुण आहे.’ मग ‘फोनी’ म्हणजे ढोंगी हा त्याचा लाडका शब्द, त्याची लाल टोपी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली बदकं, की झाला निबंध. त्यात ॲलीचं नावही नसतं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

ॲली हा होल्डनचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ. १८ जुलै १९४६ला तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्या रात्री तेरा वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या सगळ्या काचा मुठीने फोडल्या. पाचव्या प्रकरणात हे कळतं, पण कसं कळतं ते बघा. शाळेच्या वसतिगृहातल्या खोलीतला सोबती स्ट्रॅडलेटर त्याच्याकडून एखाद्या खोलीचं किंवा घराचं वर्णन लिहून मागतो. होल्डन लिहितो ॲलीच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर. मैदानात उभं असताना वाचायला मिळावं म्हणून ॲलीने त्यावर हिरव्या शाईने कविता उतरवल्या होत्या. स्ट्रॅडलेटर वाचतो आणि चिडतो, कारण सांगितलं होतं खोलीबद्दल. होल्डन ते कागद फाडून टाकतो. ‘विषय बंडखोरी’ असं आधीच ठरवून पुस्तक उघडणारा वाचक मला या स्ट्रॅडलेटरसारखा वाटतो.

शिवाय बंडखोराला काहीतरी बदलायचं असतं. होल्डनला म्युझियम आवडतं ते तिथली प्रत्येक वस्तू वर्षानुवर्षं जागच्या जागी राहते म्हणून.

टोपीचा, बदकांचा अर्थ तयार गाइडमधून उचलू नका, कादंबरीतच शोधा. ॲलीचे केस लाल होते, धाकटी बहीण फीबी हिचेही आहेत. टोपी लाल आहे. एवढं नोंदवलंत तरी लेख पुढे सरकतो.

होल्डनचं प्रत्येक मत सॅलिंजरचं धरून चालू नका. आपण पट्टीचे खोटारडे आहोत हे तो स्वतःच सांगतो. आगगाडीत वर्गमित्राच्या आईला तो खोटं नाव सांगतो आणि तिच्या मुलाचं खोटंच, तोंड भरून कौतुक करतो. ढोंगाचा तिटकारा असलेला मुलगा इथे असा का वागतो, या प्रश्नावर खरं तर एक अख्खा निबंध होईल.

शीर्षकाचंही तसंच. राय या धान्याच्या शेतात खेळणारी मुलं कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना झेलायचं, हे त्याचं स्वप्न बाविसाव्या प्रकरणातून सगळे उतरवून घेतात. पण ते चुकीच्या आठवलेल्या ओळीवर उभं आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या मूळ कवितेत ‘भेटणं’ आहे, ‘झेलणं’ नाही, आणि दहा वर्षांची फीबी त्याला तिथल्या तिथे सांगते. पंचविसाव्या प्रकरणात गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसलेली मुलं सोनेरी कडी पकडायला वाकतात, तेव्हा पडली तर पडू द्यावीत, काही बोलू नये, असं होल्डन म्हणतो. ही दोन्ही प्रकरणं एकत्रच वाचायला हवीत.

मराठीत लिहिणाऱ्यांची म्हणून एक चूक आहे. भालचंद्र नेमाडेंच्या ‘कोसला’ या कादंबरीशी तुलना करताना आपण तिरकस बोलणं, शिक्षणाचा वैताग, ‘वगैरे’ची पुनरुक्ती यांची यादी करतो आणि कोणी कोणावरून घेतलं यावर येऊन थांबतो. ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर याची धाकटी बहीण मनी जाते, त्या पानांशेजारी ॲलीची पानं ठेवून बघा. एकाचं दुःख खानदेशातल्या मोठ्या घरात, सगळ्यांच्या देखत उसळतं. दुसरा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एकटाच फिरत, प्रत्येक चौक ओलांडताना मेलेल्या भावाला विनवतो की मला नाहीसं होऊ देऊ नकोस. तुलना इथून सुरू करा.

आणि लेख अडलाच, तर विसावं आणि पंचविसावं प्रकरण लागोपाठ वाचा. विसाव्यात होल्डनला ॲलीच्या थडग्यावर पडलेला पाऊस आठवतो: भेटायला आलेले सगळे धावत आपापल्या गाड्यांत जाऊन बसले, ॲली तेवढा भिजत राहिला. पंचविसाव्यात पुन्हा पाऊस येतो. सगळे आईबाप छपराखाली पळतात. होल्डन बाकावरून उठत नाही. डोक्यावर फीबीने घातलेली लाल टोपी, आणि तो चिंब भिजत तिच्याकडे बघत बसलेला.